तिच्या नावाची करवत

विजया गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. मधली सुट्टी होती. शिपायानं नागपूरचं वर्तमानपत्र टेबलावर आणून टाकलेलं, आणि आमच्या भूगोलाच्या बाई आतलं पान मोठ्यानं वाचत होत्या… ‘गणिताच्या नामवंत प्राध्यापिका…’ त्यांनी नाव वाचलं तेव्हा मी डबा उघडत होते. मी तो उघडला, जेवले, हात धुतले आणि पुढचा तास घेतला. आठवीच्या वर्गाला त्रैराशिक शिकवलं, आणि ते चांगलं शिकवलं असं मला अजून वाटतं. घरी आल्यावर यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही वाचलं होतं. ते म्हणाले, “नागपूरले जातेस काय?” मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मग या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला. तुम्ही त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रीण, त्यांच्या गणितातल्या ‘करवती’विषयी सोप्या भाषेत लिहा, असा. मी नकार कळवला. पण नंतर आठवडाभर चुलीपाशी, रस्त्यानं, तास घेताना मनात तोच लेख लिहीत राहिले, तेव्हा ठरवलं की लिहायचं, पण घडलं तसं. विजयाच्या यजमानांना, मधुकररावांना, आधी जाऊन भेटले आणि काय लिहिणार आहे ते सांगितलं. ते म्हणाले, “लिहा. मला काहीतरी माहीत नाही, हे मला माहीत होतं.” त्यांच्या त्या वाक्याच्या भरवशावर हे लिहिते आहे.

आम्ही भेटलो साठ सालानंतर लगेच, नागपुरात बर्डीजवळच्या कॉलेजात, बी.एस्‌सी.च्या वर्गात. गणिताला मुली मोजक्याच, आणि त्याही पुढच्या बाकावर अंग चोरून बसलेल्या. विजया महालातली. वडील वकील, घरात पुस्तकांची कपाटं, बोलणं असं की मास्तरांनीही जपून बोलावं. मी इंदोऱ्याच्या कामगारवस्तीतली. बाबा मिलमध्ये. धम्मदीक्षेच्या वर्षी पांढऱ्या लुगड्यातल्या आईचं बोट धरून मी त्या गर्दीत गेले होते, आणि परत येताना बाबा म्हणाले होते, “आता शिकाचं. लय शिकाचं.” म्हणून शिकत होते. कॉलेजात तोंड उघडलं की ‘मले’ ‘तुले’ निघेल या धास्तीनं मी पहिले सहा महिने बोललेच नाही.

बोलले ती विजयामुळे. सरांनी एकदा नवाची कसोटी फळ्यावर मांडली. संख्येतल्या अंकांची बेरीज करा, बेरजेला नवानं भाग गेला तर संख्येलाही जातो. विजया उठून म्हणाली, “सर, पण नऊच का?” सर म्हणाले, “तसा नियमच आहे.” ती खाली बसली आणि माझ्या तोंडून हळूच गेलं, “आपण दहाचे गठ्ठे बांधतो म्हणून. आठाचे बांधले असते तर सात आलं असतं.” तिनं मान वळवून माझ्याकडे जे पाहिलं… इतकी वर्षं झाली, इतकं काय काय होऊन गेलं, तरी ते पाहणं मला लख्ख आठवतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे, हिला ऐकायला हवं, अशा नजरेनं पाहिलं होतं.

हे गठ्ठ्यांचं प्रकरण जरा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीस ही संख्या घ्या. दहादहाचे गठ्ठे बांधले तर तीन गठ्ठे, सुटं काही नाही. म्हणून आपण तीन आणि शून्य लिहितो. अंकांची बेरीज तीन. तेच तीस सातसातच्या गठ्ठ्यांत बांधले तर चार गठ्ठे आणि दोन सुटे. लिहायचं चार-दोन, बेरीज सहा. गठ्ठा जेवढ्याचा, त्याला पाया म्हणायचं. संख्या तीच, पाया बदलला की तिचे अंक बदलतात आणि अंकांची बेरीजही बदलते. हा आमचा खेळ झाला. सायकलींवरून अंबाझरीकडे जाताना समोरच्या रिक्षाच्या पाठीवरचा नंबर एकीनं वाचायचा आणि ओरडायचं, “सातात!” दुसरीनं वळण यायच्या आत बेरीज सांगायची. विजया माझ्यापेक्षा जलद होती. पण ‘असं का’ हे मला आधी दिसायचं. तिला ते ठाऊक होतं, आणि तेव्हा तिला त्याचं कौतुकच होतं.

ती आमच्याकडे यायची. आईच्या हातची पाटोडी तिला फार आवडायची. चुलीपाशी बसून तिखटानं नाक ओढत खायची. पहिल्या वेळी आईनं विचारलं, “तुही आई रागावन नाई काय वं, इथं जेवली म्हणून?” विजया म्हणाली, “तिला सांगणारच नाही ना मावशी!” आम्ही तिघी मनापासून हसलो.

एम.एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात ती गोष्ट घडली. बाहेर ऊन आग ओकत होतं. विजयाच्या माडीवर वाळ्याचे पडदे पाणी मारून सोडलेले, आणि आम्ही दोघी फरशीवर पालथ्या पडून तीस या एकाच संख्येच्या मागे लागलो होतो. मीच म्हटलं होतं, वेगवेगळ्या संख्या पुरे. एकच घेऊ आणि सगळ्या पायांतून फिरवू. तिसाच्या पायात तीस लिहिले तर बेरीज एक. एकोणतिसात दोन. अठ्ठाविसात तीन. पाया एकेकानं खाली, बेरीज एकेकानं वर… अशी सोळाच्या पायात पंधरापर्यंत चढली, आणि पंधरात एकदम कोसळून दोनवर आली. पुन्हा चढायला लागली, पण आता दोनदोननं. दोन, चार, सहा, आठ, दहा. दहाच्या पायात पुन्हा धपकन तीनवर. मग तीनतीननं. मी आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले आणि कागद तिच्याकडे सरकवला. “कमल,” ती म्हणाली, “अगं, ही तर करवत आहे!”

कुठे कोसळायचं आणि कितीकितीनं चढायचं, हे कुठल्याही संख्येसाठी कसं सांगता येईल ते मी त्याच आठवड्यात सिद्ध केलं. विजयानं त्यातल्या दोन कच्च्या जागा पकडल्या आणि मला पुन्हा बसवलं. छोट्या पायांत मात्र तीनतीन-चारचार अंक येत, दात एकमेकांत अडकत, आणि तिथं आमचं काही चालेना. तेवढं सुटलं की दोघींच्या नावानं एखाद्या नियतकालिकाकडे पाठवायचं असं ठरलं. “आधी तुझं नाव, मग माझं,” हे तिचे शब्द. मी मागितले नव्हते.

मग माझं लग्न झालं आणि मी सावनेरजवळ खाप्याला आले. यजमान शाळेत शिक्षक. वर्षभरात मीही त्याच शाळेत लागले. विजयाला नागपुरात कॉलेजात नोकरी मिळाली, तीही धंतोलीत संसाराला लागली. पण आमचं तुटलं नाही. मी सुट्टीत एस.टी.नं नागपूरला गेले की एक दुपार तिची असे. पोरंबाळं, सासूसासरे यांचं दहा मिनिटांत उरकून आम्ही करवतीवर यायचो.

अडकलेले दात सुटले ते खाप्याच्या शाळेत. मी पाचवीच्या मुलांना हातचा शिकवत होते. चिंचोक्यांचा ढीग केला होता आणि मुलं दहा चिंचोके देऊन एक रंगवलेला चिंचोका घेत होती. एका मुलीनं तक्रार केली, “बाई, दरखेपी माह्याजवळचे कमीच होऊन राहिले!” मी म्हटलं, “होणारच. दहा दिले, एक घेतला, नऊ गेले.” आणि वाक्य तोंडातून निघता निघता मी थांबले. अंकांची बेरीज म्हणजे तरी काय, शेवटी हातात उरलेले चिंचोके! दर देवघेवीत पायापेक्षा एक कमी इतके जातात. मग नुसत्या देवघेवी मोजा की झालं. तिसाला तीनानं भागा, दहा. दहाला तीनानं, तीन. तीनाला तीनानं, एक. दहा, तीन आणि एक, चौदा देवघेवी, दर वेळी दोन गेले, अठ्ठावीस गेले, उरले दोन. तीनाच्या पायात तिसाच्या अंकांची बेरीज दोन. पाया लहान असो की मोठा, अंक कितीही येवोत, हिशेब हाच. पुढे कळलं की यातला काही भाग जुन्या गणित्यांना माहीत होता. पण करवतीला तो लावून पुरी करवत उलगडणं, हे कुणी केलेलं नव्हतं. त्या दिवशी मुलांना मी लवकर सोडून दिलं.

पुढच्याच सुट्टीत विजयाकडे गेले. तिनं तुरीचा डबा फरशीवर ओतला, आणि मी वर्गातल्या चिंचोक्यांचं सांगत, दाणे देत-घेत तिला सगळं दाखवलं. तिनं मला एकदाही अडवलं नाही. शेवटी मिठी मारली आणि म्हणाली, “घाई करू नकोस. मी आमच्या विभागप्रमुखांना विचारते, कसं लिहायचं, कुठे पाठवायचं.” मी निर्धास्त परत आले. पुढल्या खेपेला विचारलं तर ते परगावी होते. त्यापुढल्या खेपेला परीक्षा होत्या. मग माझी मुलगी आजारी पडली, सासूबाई गेल्या, आणि दीड-दोन वर्षं मी नागपूरला अशी गेलेच नाही.

गेले ते शाळेच्या कामानं. नव्या अभ्यासक्रमात निरनिराळ्या पायांतलं संख्यालेखन आलं होतं, म्हणून नागपुरात एका कॉलेजात गणित शिक्षकांचा मेळावा भरला होता. दुपारच्या सत्रात व्याख्यान होतं, आणि वक्ता म्हणून विजयाचं नाव पुकारलं. मला इतका आनंद झाला! शेजारच्या बाईंना मी कोपरानं ढोसून सांगितलं, “माझी मैत्रीण!”

विजयानं फळ्यावर आकडा लिहिला. तीस. मग ठिपके, मग करवत. सुंदर बोलली ती. “मला असं दिसलं,” ती म्हणाली. “मग मी असं करून पाहिलं.” मी वाट पाहत होते. आता म्हणेल, मग म्हणेल… नंतर तिनं पिशवीतून चिंचोके काढले आणि टेबलावर ढीग केला. हे एवढ्यातच एका नियतकालिकात छापून आलंय, असं अध्यक्षांनी सांगितलं तेव्हाही मी वेड्यासारखी एवढंच म्हणत होते, नाव सांगायला विसरली असेल. शेवटी एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, “ही चिंचोक्यांची कल्पना फारच सुरेख. कशी सुचली तुम्हाला?” विजया हसली आणि म्हणाली, “लहानपणी आजोळी चिंचोके खेळायचो आम्ही. तेच कुठेतरी मनात राहिलं असावं.”

तिचं आजोळ पुण्याला, भर पेठेत, दुसऱ्या मजल्यावर होतं. चिंचोके खेळायला तिला मीच शिकवलं होतं, एम.एस्‌सी.त असताना, आमच्या ओसरीवर. सिद्धता घेतली ते एक वेळ समजलं असतं. पण त्या सिद्धतेला तिनं स्वतःचं बालपणही जोडून दिलं… तेवढ्यात तिनं मला पाहिलं. नजर खाली जाईल असं मला वाटलं होतं, पण गेली नाही. सत्र संपल्यावर ती सरळ माझ्याकडे आली, माझा हात धरला आणि त्या प्राध्यापकांपुढे नेऊन म्हणाली, “सर, ही माझी मैत्रीण कमल. खाप्याच्या शाळेत असते. हिलाही आकड्यांची फार आवड आहे.”

मी नमस्कार केला.

चहाच्या वेळी मी तिला मंडपामागे गाठलं. कॉलेजात शिरल्यापासून जपलेली माझी शुद्ध भाषा त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. “काहून केलं वं असं?” मी म्हटलं. “तुले मागाची होती तं मागाची. म्या देली असती.”

“हळू बोल,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मला वाटलं तू सोडलंस हे सगळं.”

“कोनं सांगतलं तुले?”

“दोन वर्षं फिरकली नाहीस. आणि दोन नावं घातली असती तर आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं असतं, कुणाचं काय. माझी बढती अडली होती, कमल. मला त्याची गरज होती.” मग अगदी प्रामाणिकपणे, अगदी मैत्रीच्या सुरात म्हणाली, “खाप्याला तुला ह्याचा काय उपयोग होता गं?”

चोरीचं दुःख बोथट झालं. या वाक्याचं नाही झालं. कारण त्यात तिला काहीच वावगं वाटलं नव्हतं. वाळ्याच्या पडद्याआड पालथ्या पडलो होतो तेव्हा ‘उपयोग’ हा शब्द आमच्या दोघींच्या मनात कधी आला नव्हता.

यजमान फार चिडले. म्हणाले, “मी येतो तुह्यासंगं, जाऊ त्या प्रमुखाकडे.” मी एकटीच गेले. विभागप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं, पंखा वाढवायला सांगितला, आणि म्हणाले, “तुमच्याजवळ काही आहे का? लिहिलेलं, तारीख असलेलं?” मी म्हटलं, आम्ही बोलत बोलत केलं, सर, फरशीवर, तुरीच्या दाण्यांनी. मला दुखावण्याचा त्यांचा हेतू नव्हता. म्हणाले, “बाई, मला तुमचं खोटं वाटत नाही. पण कोण बोललं हे राहत नाही, कोणी छापलं हे राहतं.” मी परतीची एस.टी. पकडली. सावनेर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते, पण काही दिसत नव्हतं.

पुढे ‘विजयाताईंची करवत’ हे नावच पडलं. तिनं त्यानंतर पुष्कळ काम केलं, चांगलं काम केलं, ते सगळं तिचंच होतं. तिची कुवत मोठी होती हे मी कुणापुढेही सांगेन. मुलींना तिनं फार जीव लावला, फिया भरल्या, वसतिगृहं मिळवून दिली. त्यातलीच एक माझी विद्यार्थिनी. शाळेत माझ्याकडे शिकलेली, नागपूरच्या कॉलेजात गेलेली. दिवाळीत भेटायला आली ती उत्साहानं भरून. “बाई, आमच्या मॅडमनी काय शोधून काढलंय पाहा!” असं म्हणत तिनं माझ्याच ओसरीवर खडूनं करवत काढली, चिंचोक्यांचं सांगितलं. मध्येच काळजीनं विचारलं, “समजून राहिलं ना बाई?” मी म्हटलं, हो, छान समजावतेस. तिला लाडू दिले. ती गेल्यावर ओसरी पुसून काढली.

दहा वर्षं आम्ही बोललो नाही. मग मागच्या हिवाळ्यात मधुकरराव स्वतः खाप्याला आले. विजयाला बरं नाही, डॉक्टरांनी आशा सोडली आहे, आणि ती रोज माझं नाव काढते म्हणाले. मी गेले. माफी मागायला बोलावलं असेल, असं धरून गेले. खोटं कशाला सांगू, बसमध्ये मी ठरवतही होते, ती असं म्हणाली तर आपण काय म्हणायचं.

धंतोलीच्या घरी पुढच्या खोलीत तिची खाट होती. ऊन पायांवर घेऊन ती पडली होती, ओळखू येणार नाही इतकी वाळलेली. मधुकरराव आम्हाला सोडून आत गेले. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मुलगी कितवीला, गुडघे कसे आहेत… मग म्हणाली, “पुढचं सांग ना.”

“कसलं पुढचं?”

“एका संख्येच्या सगळ्या पायांतल्या बेरजांची एकूण बेरीज. तू तिथंच गेली असशील. मी पण गेले, पण अडकले. तू नाही अडकणार.” तिचे डोळे तेवढे जुने होते, सरांना ‘नऊच का’ विचारल्यावर माझ्याकडे वळले होते तेच.

ती बरोबर होती. मी तिथंच गेले होते. एका संख्येकडून पुढच्या संख्येकडे जाताना ती एकूण बेरीज कशी बदलते, आणि ते त्या पुढच्या संख्येला कोणकोण भागतं यावर कसं ठरतं, हे मला कळलं होतं. सगळं नव्हे, पण बरंच. खाप्यात ते सांगायला कुणी नव्हतं. यजमान कौतुकानं ऐकत, पण अर्ध्यात त्यांचे डोळे मिटत. सबंध जगात ते ऐकून ‘अगं!’ म्हणेल असं एकच माणूस होतं, आणि ते समोर पडलं होतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “मी सोडलं ते सगळं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “खोटं बोलतेस.”

ती किंचित हसली आणि डोळे मिटून म्हणाली, “बरोबर आहे.”

एवढंच. काय बरोबर आहे? माझं न सांगणं? तिचं मला ओळखणं? की हीच माफी होती, तिला जमेल तेवढी? मी तिचं पांघरूण नीट केलं आणि उठले. त्यानंतर पंधरवड्यातच भूगोलाच्या बाईंनी ते वर्तमानपत्र उघडलं.

मृत माणसाविषयी चांगलं लिहावं म्हणतात. मी खरं लिहिलं आहे, आणि त्यात चांगलंही पुष्कळ आहे. क्षमा केली असं मात्र लिहिता येत नाही, कारण केलेली नाही. ती मागितली असती तर कदाचित… पण ते आता कुणालाच कळायचं नाही.

गेल्या रविवारी दुपारी तांदूळ निवडत बसले होते. डोकं आपलं आपण कुठेतरी फिरत होतं, आणि एकदम एक साधी गोष्ट दिसली. एका संख्येवरून पुढच्या संख्येवर जाताना, जो पाया तिला भागतो तिथं नवी देवघेव होऊन, त्या एकूण बेरजेतून दर पावलाला काही ना काही गळत असतं. पण पुढची संख्या मूळ असली, तिला मधला कुठलाच पाया भागत नसला, की काहीच गळत नाही. बेरीज अख्खीच्या अख्खी वर जाते. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. हातातलं ताट खाली ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, “विजू, हे पाहा ना…” आणि जीभ चावली.

आधी आठवलं ते हे, की हिला सांगायचं नाही. ती गेली आहे, हे त्यानंतर आठवलं.